पुरुषांच्या जननांगांवरचे दाणे, फोड आणि गाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्वचारोग आणि गुप्तरोगांचा डॉक्टर म्हणून हे प्रश्न मी बरीच वर्षं ऐकतो आहे, आणि बहुतेक वेळा ते अगदी शेवटी येतात. माणूस हातावरचा डाग दाखवतो, केस गळतात म्हणतो, चिठ्ठी घेऊन उठतो, दाराच्या कडीला हात लावतो आणि तिथून मागे वळून हळूच म्हणतो, "डॉक्टर, अजून एक होतं." मग कळतं की तो त्या 'अजून एका'साठीच आला होता आणि कित्येक महिने त्याची झोप उडालेली होती. यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावर जे असतं तो मुळात आजारच नसतो. काहींचा असतो, आणि तो लवकर दाखवला असता तर सोपा गेला असता. खालची उत्तरं दोघांसाठीही आहेत.

काहीतरी उठलंय असं दिसलं. आधी काय करू?

हात धुवा, चांगल्या उजेडात एकदा नीट बघा आणि स्वतःलाच विचारा: हे कधीपासून आहे? वाढतंय का? सगळे दाणे एका साच्यातून काढल्यासारखे आहेत की लहानमोठे, वेडेवाकडे? वरची कातडी शाबूत आहे की फुटली, ओली झाली, तिने खपली धरली?

वर्षानुवर्षं तसेच असलेले, एकसारखे, ओळीत किंवा दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले, शाबूत कातडीचे दाणे बहुधा शरीराच्या मूळ घडणीचाच भाग असतात. गेल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत नव्याने आलेलं, वाढणारं, फुटलेलं असं काहीही मात्र डॉक्टरला दाखवायचं. दुखतंय की नाही यावर फार विसंबू नका. दुखत नाही म्हणजे साधंच असणार, असं लोकांना वाटतं. या भागात अनेकदा उलटं असतं: केसतोड ठणकतो आणि चार दिवसांत जातो, उपदंशाची (सिफिलिस या गुप्तरोगाची) जखम मात्र सहसा दुखतच नाही.

एक फोटो काढून ठेवा. काही फोड तपासणीच्या दिवसापर्यंत बसून जातात, तेव्हा तो फोटोच कामाला येतो. पण रोज दहा वेळा बघत बसू नका. सतत दाबून, ताणून बघितल्याने कातडी लाल होते आणि मग ती लालीच नवी काळजी होऊन बसते.

लिंगाच्या बोंडाच्या कडेला ओळीने बारीक पांढरट दाणे आहेत. हा गुप्तरोग आहे का?

नाही. हा मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या दाण्यांना पर्ली पेनाइल पॅप्यूल्स म्हणतात, म्हणजे मोत्यासारखे दाणे. बोंडाच्या मागच्या कडेला, जिथे खाच असते तिथे, ते एका किंवा दोन-तीन ओळींत गोलाकार बसलेले असतात. प्रत्येक दाणा साधारण १ ते २ मिलिमीटरचा, कधी थोडा मोठा. रंग पांढरट, गुलाबी किंवा कातडीचाच. ते तंतुमय पेशी आणि बारीक रक्तवाहिन्यांचे बनलेले असतात. वयात आल्यानंतर, बहुधा विशीच्या आसपास ते लक्षात येतात आणि वय वाढतं तसे अनेकांचे फिके पडत जातात. सुंता न झालेल्या पुरुषांत ते जास्त आढळतात. ते अस्वच्छतेने होत नाहीत, हस्तमैथुनाने होत नाहीत, कुणाकडून लागत नाहीत आणि कुणाला लागतही नाहीत. त्यातून कर्करोग होत नाही.

विशीतला एक मुलगा मला आठवतो. नखं कापायच्या कात्रीने त्याने ओळीतले पाच-सहा दाणे कापले होते. तो आला तो दाण्यांसाठी नव्हे, जखम चिघळली म्हणून. बोंडाच्या कडेला मधोमध पिवळी खपली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना उरलेले दाणे जसेच्या तसे, ओळीत. त्याला या दाण्यांचं नाव सांगितलं, चित्र दाखवलं आणि असे दाणे कितीतरी पुरुषांना असतात हे सांगितलं, तेव्हा तो काही बोललाच नाही, नुसता बसून राहिला. दोन वर्षं त्याने लग्नाचा विषय टाळला होता. हे दोन वाक्यांचं ज्ञान त्याला शाळेतच मिळायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

औषधाची गरज नाही. दिसायला फारच खटकत असतील तर लेझरने काढता येतात, पण ती हौस आहे, उपचार नव्हे. मी सहसा करू नका असंच सांगतो, कारण नाजूक जागी व्रण राहण्याची जोखीम निरुपद्रवी दाण्यांसाठी पत्करण्यात अर्थ नाही.

पण ते चामखीळ नाहीत हे कशावरून ओळखायचं?

मोत्यासारखे दाणे शिस्तीत असतात. एकेक दाणा सुटा, गुळगुळीत, शेजाऱ्याएवढाच. डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून पाहिलं तर प्रत्येकाच्या पोटात टिंबासारखी किंवा स्वल्पविरामासारखी एक रक्तवाहिनी दिसते. चामखीळ अशी शिस्त पाळत नाही. ती कुठेही उगवते, एक मोठी तर दुसरी छोटी, पृष्ठभाग खरबरीत, कधी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. एकाच बुंध्यातून अनेक बोटं फुटल्यासारखी दिसते. आणि ती नवी असते: दोन महिन्यांपूर्वी तिथे काही नव्हतं.

घरी व्हिनेगर लावून कातडी पांढरी होते का ते बघायचं, असं काही जण वाचून येतात. तसं करू नका. साधी सुजलेली कातडीही व्हिनेगरने पांढरी पडते, त्यामुळे काहीच सिद्ध होत नाही आणि वर भाजतं ते वेगळंच.

लिंगाची कातडी ताणली की पिवळट पांढरे कण दिसतात. ते काय?

तेलग्रंथी. त्वचेला तेल पुरवणाऱ्या या ग्रंथी सहसा केसाच्या मुळाशी असतात. इथे त्या केसाशिवाय थेट कातडीखाली असतात, म्हणून दिसतात. जॉन ॲडिसन फॉर्डाइस या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, तेव्हापासून त्यांना फॉर्डाइस स्पॉट्स म्हणतात. आकार १ ते ३ मिलिमीटर. लिंगाच्या दांड्यावर, पुढच्या कातडीवर ते असतात आणि हेच कण अनेकांच्या ओठांच्या कडेला किंवा गालाच्या आतल्या बाजूलाही असतात. आरशात ओठ ताणून बघा. तिथेही दिसले तर निम्मी भीती तिथेच जाईल.

दाबले तर त्यातून मेणासारखा पांढरा पदार्थ निघतो आणि लोकांना वाटतं पू निघाला. तो पू नसतो. दाबून ग्रंथी जात नाही, सूज मात्र येते. त्यांना हात न लावणं हाच उपचार.

दांड्यावर, विशेषतः बुंध्याकडे, केसाच्या मुळांचे बारीक उंचवटेही असतात. थंडीत किंवा कातडी आक्रसल्यावर ते जास्त उठून दिसतात. तेही नैसर्गिकच.

बोंडाच्या खालच्या बाजूला कातडीची दोरी असते, तिच्या दोन्ही अंगांना एकेक दाणा आहे.

त्याही छोट्या, निरुपद्रवी ग्रंथीच. जोडीने असतात, हीच त्यांची ओळख.

अंडकोषाच्या पिशवीवर लाल-जांभळे ठिपके आहेत. खाजवलं तर रक्त येतं.

ही रक्तवाहिन्यांची फुगवटी आहे. पिशवीच्या पातळ कातडीतल्या केशवाहिन्या रुंद होतात आणि वर थोडी जाड कातडी येते. याला अँजिओकेराटोमा म्हणतात. ठिपके १ ते ५ मिलिमीटरचे, आधी लाल, मग निळसर, कधी काळपट. वय वाढतं तसे ते वाढतात. साठीच्या पुरुषात असे पाच-पंचवीस ठिपके दिसणं नेहमीचं आहे. रक्त आलं की माणूस घाबरतो, कारण ठिपका इवलासा आणि चड्डीवरचा डाग मोठा. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न उचलता दाबून धरा, थांबतं. वारंवार रक्त येत असेल तर लेझरने किंवा विजेच्या सुईने जाळून टाकता येतात.

दोन अपवाद लक्षात ठेवा. एकच काळा ठिपका असेल आणि तो वाढत किंवा रंग बदलत असेल तर तो तीळ किंवा मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, नाही ना, हे तपासून घ्यायला हवं. आणि लहान किंवा किशोरवयीन मुलाच्या कमरेपासून मांड्यांपर्यंत असे ठिपके पसरले असतील, सोबत हातापायांची आग होत असेल, घाम कमी येत असेल, तर फॅब्री नावाच्या दुर्मिळ आनुवंशिक आजाराची शक्यता असते. तो मूत्रपिंड आणि हृदयापर्यंत जातो, म्हणून अशा मुलाला लवकर दाखवा.

पिशवीच्या कातडीतच टणक, पांढरट गोळ्या आहेत. दुखत नाहीत.

बहुधा कातडीच्या आत केराटिन हे कातडीतलं टणक प्रथिन साचून झालेल्या गाठी. एक असते किंवा डझनभर. काही कालांतराने चुना साचून दगडासारख्या कडक होतात. त्रास नसेल तर राहू द्याव्या. लाल होऊन ठणकू लागल्या किंवा फुटू लागल्या तर छोट्या शस्त्रक्रियेने काढतात.

इथे एक फरक मात्र बोटांनी नीट समजून घ्या. कातडी चिमटीत धरून उचलली तर कातडीतली गाठ कातडीबरोबर वर येते. गाठ आतल्या वृषणाला चिकटलेली असेल, वृषणाचा एखादा भाग कडक किंवा जड लागत असेल, तर तो त्वचेचा विषय नाही. वृषणाचा कर्करोग तरुणांत, साधारण १५ ते ४० या वयात जास्त आढळतो, बहुधा न दुखणारी गाठ म्हणूनच सुरू होतो आणि लवकर सापडला तर फार चांगला बरा होतो. सोनोग्राफी करायला दोन आठवडेसुद्धा थांबू नका.

केस काढले की फोड येतात. काय चुकतं?

वस्तरा केस तिरका, टोकदार कापतो. तो वाढताना वळून कातडीत घुसतो किंवा मुळाशी जंतू शिरतात आणि केसतोड होतो. मधोमध केस, भोवती लाली, टोकाला पिवळा पू. कोमट पाण्याच्या घडीने दिवसातून तीन-चार वेळा शेका, सैल सुती चड्डी घाला, बरा होईपर्यंत वस्तरा बाजूला ठेवा. पिळू नका. पुढच्या वेळी केस मुळापासून न काढता ट्रिमरने आखूड करा. वस्तराच हवा असेल तर केसांच्या दिशेने फिरवा आणि तो दुसऱ्या कुणाचा वापरू नका. गळू मोठं झालं, ताप आला किंवा लाली पसरू लागली तर डॉक्टरकडे जा. तसंच, अशी गळवं पुन्हा पुन्हा होत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्या.

जांघेत आणि काखेत वर्षानुवर्षं गळवं येतात, फुटतात, आतून बोगदे पडतात, व्रण राहतात, असं असेल तर तो साधा केसतोड नाही. हायड्रॅडेनायटिस सपुरेटिव्हा हा वेगळा, दीर्घकाळचा आजार आहे. तो संसर्गाने पसरत नाही, घाणीमुळे होत नाही, आणि त्याला आता चांगले उपचार आहेत. या रुग्णांना "स्वच्छता राखा" असं सांगून वर्षानुवर्षं परत पाठवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

संभोगानंतर बोंडामागे दोरीसारखी कडक गाठ आली.

जोरकस संभोग किंवा हस्तमैथुनानंतर लसवाहिनी, म्हणजे ऊतींमधला द्रव वाहून नेणारी बारीक नळी, तात्पुरती तुंबते आणि कातडीखाली दोरीसारखी लागते. काही आठवडे संबंध थांबवले की विरघळते. लिंगाच्या वरच्या अंगाला लांबीच्या दिशेने दुखरी, कडक दोरी लागत असेल तर शिरेत रक्त गोठलेलं असू शकतं. तेही बहुधा ४ ते ८ आठवड्यांत जातं, पण एकदा दाखवून घ्या.

डॉक्टरांनी चामखीळ सांगितली. आता?

जननांगांवरच्या चामखिळी एचपीव्ही या विषाणूने होतात. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. चामखिळींपैकी सुमारे ९० टक्के चामखिळींमागे ६ आणि ११ हे दोन प्रकार असतात. कर्करोगाशी जोडलेले मुख्य प्रकार १६ आणि १८, म्हणजे वेगळे. चामखीळ म्हणजे कर्करोगाची पहिली पायरी नव्हे.

विषाणू शिरल्यापासून चामखीळ उगवेपर्यंत काही आठवडे ते कित्येक महिने जातात, कधी त्याहूनही जास्त. म्हणून "हे कुणाकडून आलं?" या प्रश्नाला अनेकदा उत्तरच नसतं. आज उगवलेली चामखीळ म्हणजे जोडीदाराने गेल्या महिन्यात विश्वासघात केला, असा अर्थ काढू नका. या एका गैरसमजापायी माझ्यासमोर संसार मोडायला आलेले आहेत.

उपचार बरेच आहेत: द्रव नायट्रोजनने गोठवणं, विजेने जाळणं, घरी लावायची पोडोफायलोटॉक्सिन किंवा इमिक्विमॉडसारखी औषधं. हातापायांच्या चामखिळींवर मिळणारं सॅलिसिलिक ॲसिडचं औषध इथे लावायचं नाही. कातडी जळून सोलवटून निघते. उपचारानंतर पहिल्या काही महिन्यांत चामखिळी पुन्हा येऊ शकतात. उपचार फसला असं त्याचं कारण नसतं. विषाणू आजूबाजूच्या कातडीत असतो. बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला काबूत आणतं. धूम्रपान करणाऱ्यांत चामखिळी जास्त चिवट ठरतात.

कंडोमने धोका कमी होतो, शून्य होत नाही, कारण विषाणू कंडोमने न झाकलेल्या कातडीवरही असतो. इमिक्विमॉड लावत असाल तर ते कातडीवर असताना संबंध ठेवू नका; लेटेक्सचा कंडोम त्याने कमकुवत होतो. एचपीव्हीची लस मुलग्यांनाही देतात आणि ती लैंगिक आयुष्य सुरू होण्याआधी, ९ ते १४ या वयात दिली तर सर्वांत उपयोगी. आलेली चामखीळ लसीने जात नाही. जोडीदार स्त्री असेल तर तिने तिच्या वयानुसार गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी चुकवू नये.

मधोमध खळगा असलेले मोत्यासारखे फोड आलेत.

नाभीसारखा खळगा, २ ते ५ मिलिमीटर, चकचकीत, दाबलं तर पांढरा घट्ट गोळा निघतो: हे मोलस्कम. देवीच्या विषाणूच्या कुळातला पण साधा विषाणू. मुलांना खेळताना, टॉवेलमधून होतो. मोठ्यांना जांघेत बहुधा लैंगिक संबंधातून. आपोआप जातो, पण ६ ते १२ महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात. त्यावरून वस्तरा फिरवू नका, एकाचे वीस होतात. फोड फार मोठे, फार पसरलेले किंवा चेहऱ्यावरही असतील तर एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी.

पाणी भरलेले बारीक फोड घोसाने आले, फुटले आणि आता फार चुणचुणतं.

हा बहुधा हर्पिस. संपर्कानंतर २ ते १२ दिवसांत आधी झिणझिण्या, मग घोसाने फोड, मग उथळ दुखऱ्या जखमा. पहिल्या वेळी ताप आणि जांघेत अवधाणही येतं. लोक याला नागीण म्हणतात, पण नागीण वेगळी: ती कांजिण्यांच्या विषाणूने होते आणि अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते.

ॲसायक्लोव्हिरसारख्या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितका त्रास कमी. विषाणू पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत कायमचा राहतो आणि अधूनमधून परत येतो, पण पुढचे झटके सौम्य आणि दिवसेंदिवस विरळ होत जातात. वरचेवर येत असेल तर रोजची गोळी घेऊन ते रोखता येतात. ओठावर ताप फुटतो तोच विषाणू मुखमैथुनातून जननांगांवर येऊ शकतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. म्हणून इथेही चटकन कुणावर आरोप करू नका.

एकच जखम होती, दुखत नव्हती, आपोआप भरली. मग झालं ना?

नाही झालं. इथे मी सगळ्यांत जास्त आग्रह धरतो.

उपदंश, म्हणजे सिफिलिस, असाच सुरू होतो. संपर्कानंतर १० ते ९० दिवसांत, साधारण तीन आठवड्यांनी, एक पुटकुळी येते आणि तिची जखम होते. कडा टणक, तळ स्वच्छ, वेदना नाही. औषध न घेताही ३ ते ६ आठवड्यांत भरून येते, आणि माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. जंतू मात्र रक्तात उतरलेले असतात.

अशाच एका गृहस्थाने मला तळहात उलटे करून दाखवले होते. तांबूस तपकिरी डाग, कडेला बारीक पापुद्रे सुटलेले, खाज अजिबात नाही. ॲलर्जी समजून ते महिनाभर गोळ्या घेत होते. "तीन महिन्यांपूर्वी खाली काही जखम झाली होती का?" असं विचारल्यावर त्यांनी मान खाली घातली. रक्ततपासणीत उपदंश निघाला. पेनिसिलिनचं एक इंजेक्शन दिलं. सुरुवातीच्या अवस्थेत तेवढं पुरतं. हेच वर्षानुवर्षं तसंच राहिलं असतं तर मेंदू, डोळे, हृदयाजवळची महाधमनी, कुठेही इजा झाली असती. जोडीदार गरोदर असेल तर बाळालाही धोका असतो.

दुसऱ्या अवस्थेत जननांगांवर आणि गुदद्वाराजवळ चपटे, ओलसर, करड्या रंगाचे उंचवटेही येतात. ते चामखिळींसारखे दिसतात आणि अतिशय संसर्गजन्य असतात. म्हणूनच चामखीळ वाटली तरी व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही साधी रक्ततपासणी करून घेणं मला आवश्यक वाटतं. जखम अगदी नवी असताना ही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. शंका असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा करायची.

रात्री खाज सुटते आणि लिंगावर, पिशवीवर लालसर गाठी आल्यात.

बोटांच्या बेचक्या, मनगटं, बेंबीभोवती बघा. तिथेही खाज असेल, घरात आणखी कुणी खाजवत असेल तर ही खरूज. पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळीकडे लावायचं, रात्रभर ठेवायचं, आठवड्याने पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, खाज असो वा नसो. नेमकं इथेच लोक चुकतात आणि खरूज घरभर फिरत राहते. किडे मेल्यावरही लिंगावरच्या गाठी काही आठवडे खाजतात. ती शिल्लक प्रतिक्रिया असते, तेवढ्यावरून मलम वारंवार लावू नका.

ठरावीक गोळी घेतली की बोंडावर त्याच जागी काळपट लाल चट्टा उठतो.

औषधाची ॲलर्जी. काही प्रतिजैविकं आणि वेदनाशामकं असं करतात. त्या गोळीचं नाव लिहून ठेवा, प्रत्येक डॉक्टरला सांगा, ती पुन्हा घेऊ नका.

हा कर्करोग तर नसेल?

लिंगाचा कर्करोग दुर्मिळ आहे आणि बहुतेकदा उतारवयात होतो. पण तो उशिरा सापडतो, कारण पुढच्या कातडीआड दडतो आणि माणूस लाजेने दडवतो. न भरणारी जखम, वाढणारी गाठ, मखमलीसारखा लाल चट्टा, कातडीआडून दुर्गंधी स्राव किंवा रक्त, यांपैकी काहीही असेल आणि उपचार करूनही तीन-चार आठवड्यांत बरं होत नसेल, तर त्याचा तुकडा तपासायलाच हवा. पुढची कातडी मागे न सरकणं, धूम्रपान, एचपीव्ही आणि लायकेन स्क्लेरोसस हा पांढरे चट्टे आणून कातडी आवळणारा आजार, यांनी धोका वाढतो. पूर्वी सहज मागे जाणारी कातडी आता जात नसेल तर तेवढ्यासाठीही दाखवा.

तोवर एखादं मलम लावलं तर?

औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेलं नको. बुरशी, जंतू आणि सूज या तिन्हींवर एकत्र चालणाऱ्या मलमांत बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, मग गजकर्ण दुप्पट पसरतं, कातडी पातळ होते, आणि मूळ आजार ओळखू येईनासा होतो. टूथपेस्ट, जंतुनाशक द्रव, दोरा बांधणं, ब्लेड, हे सगळं मी पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी मूळ दाण्यापेक्षा त्याची जखमच मोठी होती. साध्या पाण्याने धुवा, कोरडं ठेवा. निदान होईपर्यंत संबंध टाळा.

माझ्या लहान मुलाच्या लिंगाच्या कातडीखाली पांढरी गोळी दिसते.

कातडी आणि बोंड अजून सुटे झालेले नसतात, तेव्हा झडलेल्या पेशी मधे साचून मोत्यासारखी गोळी होते. कातडी सुटी होताना ती आपोआप बाहेर पडते. कातडी बळेच मागे ओढू नका. चिरते आणि मग खरंच आवळते.

डॉक्टरांसमोर कसं सांगू? तिथे नेमकं काय करतात?

आत गेल्याबरोबर, बसताबसता एवढंच म्हणा: "खाली दाणे आलेत, तपासायचे आहेत." त्वचारोग आणि गुप्तरोगतज्ज्ञासाठी हे कोपरावरच्या पुरळाइतकंच नेहमीचं आहे. तपासणी दोन-चार मिनिटांची असते: उजेड, हातमोजे, भिंग, जांघेतल्या गाठी चाचपणं, तोंड आणि तळहात बघणं. किती जोडीदार, स्त्री की पुरुष, कंडोम वापरला का, हे विचारलं जाईल. खरं सांगा. त्यावर तपासण्या ठरतात, तुमचं चारित्र्य नव्हे. तपासताना दुसरं कुणी खोलीत नको असेल तर तसं सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

बऱ्याचदा नुसत्या नजरेने निदान होतं. संसर्ग वाटला तर उपदंश, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी यांच्या रक्ततपासण्या होतात. एचआयव्हीची आजची प्रयोगशाळेतली तपासणी संबंधानंतर सुमारे ४५ दिवसांनी भरवशाची धरतात, म्हणून कालच्या संबंधासाठी आजचा अहवाल पुरेसा नाही. पण संबंध ७२ तासांच्या आतला आणि धोक्याचा असेल तर त्याच दिवशी जा; एचआयव्ही रोखण्याची औषधं तेवढ्याच वेळात सुरू करता येतात.

जोडीदाराला सांगावंच लागेल का?

मोत्यासारखे दाणे, तेलग्रंथी, लाल ठिपके, केसतोड यांत सांगण्यासारखं काहीच नाही. उपदंश, हर्पिस, चामखिळी, मोलस्कम, खरूज यांत सांगावं लागेल. उपदंश आणि खरजेत तर जोडीदारावर उपचार झाले नाहीत तर तुमचा आजार फिरून परत येतो. एकट्याने सांगणं जड जात असेल तर दोघं मिळून या. मी अनेकदा ते बोलणं सुरू करून दिलं आहे, आणि खोलीतलं वातावरण माणसाच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ शांत राहतं.

कधी रात्री-अपरात्रीही रुग्णालय गाठायचं?

जननांगांचा किंवा गुदद्वाराजवळचा भाग काही तासांत सुजत, लाल-काळा पडत असेल, दिसतंय त्याच्या मानाने वेदना भयंकर असतील आणि ताप असेल, विशेषतः मधुमेह्याला, तर तो वेगाने पसरणारा जीवघेणा संसर्ग असू शकतो. मागे ओढलेली कातडी पुढे येत नसेल आणि बोंड सुजत असेल, किंवा लघवी अडली असेल तरीही थांबू नका. तोंडात, डोळ्यांत आणि जननांगांवर एकदम फोड येऊन कातडी सोलत असेल आणि नुकतंच एखादं नवं औषध सुरू झालं असेल तर त्या औषधाचं पाकीट बरोबर घेऊन तसेच निघा. आणि वृषणात अचानक असह्य कळ येऊन तो वर ओढला गेला, उलटी झाली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. तो वाचवायला साधारण ६ तास हातात असतात.